‘काउइच’ म्हणजे गाईची खाज नव्हे

इंग्रजीत ‘काउइच’ नावाचा एक शब्द आहे. ‘काउ’ म्हणजे गाय आणि ‘इच’ म्हणजे खाज, एवढे शाळेतला मुलगाही चटकन सांगेल. मग या शब्दाचा अर्थ काय झाला? गाईची खाज! पण वाचकहो, हा शब्द एका वेलीचा आहे आणि त्या वेलीचा गाईशी काडीचाही संबंध नाही. ती वेल आपल्या चांगल्या ओळखीची आहे. तिला आपण खाजकुइली म्हणतो.

सह्याद्रीच्या रानात, कुंपणावर, झुडपांवर ही पावसाळ्यात चढते. पान तीन दलांचे, फुले जांभळी. पुढे शेंगा धरतात, त्या चिंचेसारख्या जराशा वाकड्या, आणि त्यांच्यावर तपकिरी मखमलीसारखी लव असते. मखमल पाहून कोणी हात लावला, की मात्र त्याची धडगत नाही! वाळलेल्या शेंगेवरची ती कुसे वाऱ्यानेही उडतात आणि अंगाची आग आग होते.

आता हे गाईचे नाव तिला चिकटले कसे ते पाहू. इंग्रजांची वखार सुरतेला 1613 साली स्थिर झाली. बाजारात, वाटेवर, नोकराचाकरांशी त्यांना हिंदुस्थानीत, म्हणजे आज ज्यांना आपण उर्दू आणि हिंदी म्हणतो त्यांच्या बोलीत, व्यवहार करावा लागे. त्या बोलीत या वेलीला ‘कौंच’ किंवा ‘केवाँच’ म्हणतात. साहेबाच्या कानावर ‘कवाँच’ असे काहीसे पडले. त्याचे त्याने ‘काउहेज’ केले आणि पुढे ‘काउइच’ केले. खाज तर सुटतेच, तेव्हा शेवटचा ‘इच’ त्याला अगदी बरोबर वाटला असणार. राहिली गाय, ती फुकटात आली! यूल आणि बर्नेल यांनी 1886 साली हिंदुस्थानातल्या अशा शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश छापला. त्यातही या शब्दाची नोंद आहे.

यात इंग्रजांनाच हसायला नको. परका शब्द कानावर आला, की माणूस त्याला आपल्या घरचे कपडे चढवतो. पलटणीतला पहारेकरी ‘हू कम्स देअर’ असे ओरडायला शिकला आणि आपले शिपाई त्याचे ‘हुकूमदार’ करून मोकळे झाले. दोन्हीकडचा न्याय एकच.

पण मग ‘केवाँच’चा अर्थ काय? त्यासाठी आणखी एक पायरी खाली उतरावी लागते. संस्कृतात या वेलीचे नाव कपिकच्छू असे आहे. कपि म्हणजे माकड, कच्छू म्हणजे खरूज, खाज. जिच्यामुळे माकडसुद्धा खाजवीत सुटते, ती कपिकच्छू. दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ होणे ही आपल्या भाषांची जुनी खोड आहे. दीपाचा दिवा होतो, तापाचा ताव होतो, तसाच कपिकच्छूचा ‘केवाँच’ झाला. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारे ‘कवचबीज’ ते हेच. अमरकोशात हिची आणखीही नावे आहेत. मर्कटी, कंडुरा म्हणजे खाज आणणारी, प्रावृषायणी म्हणजे पावसाळ्यात येणारी, आणि आत्मगुप्ता म्हणजे स्वतःचे रक्षण स्वतःच करणारी. चार नावांत वेलीचे सारे चरित्र आले की नाही?

शिक्षकांनी इथे एक भेद ध्यानात ठेवावा. इंग्रजी पुस्तकात ‘नेटल’ असा शब्द येतो आणि त्यालाही कधीकधी खाजकुइली म्हणून वेळ मारून नेली जाते. ते झाड वेगळे. त्याला उर्दूत ‘बिच्छू बूटी’ म्हणतात. बिच्छू म्हणजे विंचू. त्याच्या पानांवरचे पोकळ केस सुईसारखे टोचतात आणि दाहक रस कातडीत सोडतात. खाजकुइलीची कुसे शेंगेवर असतात. त्यांतल्या म्युक्युनेन या द्रव्यामुळे खाज सुटते, हे 1955 साली दाखवले गेले.

गंमत अशी, की छळणाऱ्या या वेलीच्या पोटात औषधही आहे. 1937 साली मद्रासच्या संशोधकांनी तिच्या बियांतून एल-डोपा हे द्रव्य वेगळे काढले. कंपवातावर आज हेच द्रव्य डॉक्टर देतात. म्हणून बिया कुटून घरीच औषध करायचे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. मात्रा वैद्यानेच ठरवायची.

आता चाकणकडे पाहा. 1660 साली शाहिस्तेखानाने इथल्या संग्रामदुर्गाला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळजवळ दोन महिने झुंजवला. अशा लष्करांबरोबर आणि त्याआधीच्या सुलतानी अमलाबरोबर दप्तर, जमीन, बाजार, शिपाई हे शब्द आपल्याकडे आले आणि घरचे होऊन राहिले. 1954 साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, पुढे चिंचवड, भोसरी, चाकण असा कारखान्यांचा पट्टाच झाला. आज तिथे उत्तरेकडचा कामगार ‘केवाँच’ म्हणतो, शेजारचा शेतकरी ‘खाजकुइली’ म्हणतो. वेल एकच आहे, हे दोघांनाही ठाऊक नसते.

आणि त्यांच्या मुलांना? बांध गेले, कुंपणे गेली, तिथे भिंती आल्या. मुलाला ‘काउ’ ठाऊक आहे, ‘इच’ ठाऊक आहे. पण सहलीला डोंगरावर गेल्यावर समोरची मखमली शेंग त्याला ओळखता येत नाही. आपल्या नावातच इशारा होता, तो इशारा त्याच्यापर्यंत पोचलेला नसतो. कुसे डोळ्यांत गेली तर खेळ महागात पडतो. अंगाला लागली तर चोळू नये, चोळल्याने ती अधिकच पसरतात.

तेव्हा गुरुजनहो, वर्गात एवढे करा. फळ्यावर खाजकुइली, केवाँच, कपिकच्छू आणि काउइच ही चार नावे एकाखाली एक लिहा, आणि शेंगेचे चित्र काढा. मराठी बोलणारी आणि हिंदी-उर्दू बोलणारी मुले शेजारी बसलेली असतील, तर त्यांना आपापल्या घरचे नाव विचारून यायला सांगा. आजी असेल त्या घरातून एखादे पाचवे नावही निघेल. तेही फळ्यावर लिहा.