माळव्यातली स्वस्त दुनळी

१६१७ साली बादशहा जहांगीर माळव्यात होता. उज्जैनला तो जदरूप गोसाव्याच्या गुहेपाशी जाऊन त्याच्याशी बोलत बसला, शिप्रेकाठच्या कालियादेहला उतरला आणि मांडूला गेल्यावर त्याने आपल्या आजवरच्या शिकारीचा हिशेब काढायला लावला. त्याच्या स्वतःच्या हातून मेलेल्या जिवांचा आकडा निघाला १७,१६७. त्यांत पक्षी १३,९६४, आणि या पक्ष्यांतली १०,३४८ नुसती कबुतरे! सिंहाच्या शिकारीची चित्रे काढून घेणाऱ्या बादशहाच्या खात्यावर सगळ्यात मोठी रक्कम कबुतरांची निघाली.

त्याची बंदूक तोड्याची. तोड्याच्या बंदुकीत पेटती वात कानावरच्या दारूला लागायची, ती दारू भडकायची, आग छिद्रातून नळीत शिरायची आणि मग बार उडायचा. बसलेल्या पाखराला हा उशीर चालतो, उडणाऱ्याला नाही. म्हणून हवेतले पाखरू हा बहिरी ससाण्याचा मामला होता आणि बंदूक फांदीवरल्या पाखरापुरती. गारगोटीचा चाप सुधारला, नळ्या हलक्या झाल्या, तेव्हा कुठे उडत्या पाखरावर बार टाकणे जमू लागले. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या जोसेफ मँटनने दोन नळ्या शेजारी शेजारी जोडून जी डौलदार बंदूक घडवली, तिचा घाट आजतागायत फारसा बदललेला नाही. त्या वेळी उज्जैन शिंद्यांचे होते. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, पण चाकरीनिमित्त आलेली मराठी घराणी शिप्रेकाठीच राहिली. माळव्यातल्या दुनळीची गोष्ट या घराण्यांच्या दारावरून जाते.

दुनळी हवी कशाला? लावे झुडपातून फर्रकन उठतात ते पायाशीच, आणि दोन-तीन सेकंदांत पल्ल्याबाहेर जातात. उजवी नळी तोंडाशी थोडी मोकळी ठेवतात, म्हणजे जवळच्या पाखरावर छर्रे पसरतात. डावी तोंडाशी आवळलेली असते, ती लांब गेलेल्यासाठी. पुढचा घोडा उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. कोणती नळी झाडायची हे बोटाला त्या क्षणी ठरवता येते, आणि नेमकी हीच सोय पुढे आलेल्या अनेक महागड्या एकघोडी बंदुकांत गेली. बारा बोअर हे मापही मजेदार आहे: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बेताची बसेल ती बारा बोअरची नळी. साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास.

स्वस्ताईला खरे कारण मिळाले ते १८७५ साली. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यातल्या अँसन आणि डीली या दोघांनी बाहेरचे हातोडे काढून टाकले आणि सगळी कळ एका पेटीत बसवली. भाग थोडे, बसवणे सोपे, दुरुस्तीही आवाक्यातली. बर्मिंगहॅममध्ये असल्या बंदुका ढिगाने होऊ लागल्या आणि दुसरीकडे बेल्जियममधले लिएज त्याहून स्वस्त माल जगभर पाठवत होते. हिंदुस्थानात विकणारे आपले नाव नळीवर कोरून घेत. कलकत्त्याच्या मँटन आणि रॉडा या पेढ्यांची नावे असलेल्या कित्येक बंदुका घडल्या बर्मिंगहॅमलाच. १९१४ साली क्रांतिकारकांनी मॉझर पिस्तुले पळवली ती याच रॉडाच्या मालातली. मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा १८९१ मध्ये उघडली आणि यादी पाहून बंदूक मागवणे सोपे झाले.

पण कारकून, वकील किंवा पाटील नवी बंदूक क्वचितच घेई. त्याची आशा इंदूरजवळच्या महूच्या इंग्रजी छावणीवर. साहेबाची बदली झाली की सामान निघे, त्यात बंदूकही. अशी बंदूक घेताना जाणकार आधी नाव वाचत नसे. तो नळ्या वेगळ्या करून उजेडाकडे धरी आणि आत डोळा लावी: गंजाची भोके, पोचे, मधेच फुगलेला वळसा. मग नळ्या बोटावर टांगून नखाने ठोकायच्या. स्वच्छ घंटा वाजली तर मधली पट्टी घट्ट, बद्द आवाज आला तर डाख सुटलेला. शेवटी नळ्या लाकडाला जोडून बंदूक हलवून पाहायची, सांधा खडखडला तर पैसे खिशातच ठेवायचे. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या दमास्कस नळ्या दिसायला फार देखण्या. पण त्यांतल्या बहुतेक काळ्या दारूसाठी घडलेल्या. नव्या धूररहित दारूसाठी त्यांची परीक्षा झालेली आहे की नाही, हे नळीखालच्या ठशावरून कळे. तो ठसा न पाहता घेतलेली नक्षीदार बंदूक हातातच फुटू शकते. देखणेपणाला भुललेले गिऱ्हाईक तेव्हाही होते, आजही आहे.

एवढे करूनही बंदुकीचा भाव हा खर्चातला लहान भाग. मोठा भाग काडतुसांचा. कागदी काडतुसे पावसाळी हवेत फुगत आणि नळीच्या मागच्या खोलीत शिरत नसत. पितळी घेतली तर ती टिकत, पुन्हा भरताही येत, पण आधी पैसे जास्त मोजावे लागत. खोलीची लांबीही पाहावी लागे. जुन्या इंग्रजी बंदुकांची खोली अडीच इंची, पुढची काडतुसे पावणेतीन इंची. लांब काडतूस आखूड खोलीत शिरते खरे, पण उडताना त्याची कड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. लाव्याला आठ नंबरचे बारीक छर्रे, तित्तराला सहा, बदकाला चार. एका पाखरामागे एक काडतूस गेले, तरी तेवढ्या मांसाला हा सौदा महागच.

खरा स्वस्त शिकारी फासेपारधी होता. घोड्याच्या केसांचे फास बांबूच्या काड्यांना बांधून तो झुडपाच्या वाटेवर रांगेने रोवी आणि पाळलेल्या तित्तराच्या हाकेवर रानातला तित्तर आपणहून चालत येई. आवाज नाही, दारू नाही, पाखरू जिवंत हाती. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली इंग्रज सरकारने कित्येक पारध्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले. छावणीतला साहेब मात्र त्याच माळावर त्याच पाखरांना मारून खेळाडू ठरला.

परवान्याचेही तसेच. १८७८ च्या हत्यार कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि गोऱ्याला सूट दिली. ग्वाल्हेर संस्थानात तो थेट लागू नव्हता, तरी मुंबई-कलकत्त्याहून निघालेली बंदूक ब्रिटिश मुलखातूनच यायची. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. त्याचे तेरावे कलम वाचण्यासारखे आहे: संरक्षण वा शिकारीसाठी किमान वीस इंची गुळगुळीत नळीची बंदूक आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, यांचा परवाना मागितला तर अधिकाऱ्याने तो द्यावा. म्हणजे साध्या दुनळीला कायद्यानेच इतर हत्यारांपेक्षा जवळ केले. परदेशी माल दुर्मीळ झाला तशी मुंगेरची आणि इच्छापूर कारखान्याची बंदूक आली. काडतुसे पुण्याजवळच्या खडकीची, बुडावर ‘केएफ’ कोरलेली, ‘शक्तिमान’ नावाची. आजोबांची इंग्रजी दुनळी वारसाहक्काने नातवाच्या परवान्यावर चढे आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होई.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे. त्या कायद्यात लहान शिकारीचा परवाना होता, परिशिष्टातल्या पाखरांसाठी. तो दरवाजा बंद झाला १९९१ च्या दुरुस्तीने. तेव्हापासून बारा बोअरची दुनळी घरात ठेवता येते, पण तिने तित्तर मारणे गुन्हा आहे.

माळव्यात या बंदुकीची मोठी किंमत मोजली तणमोर या गवताळ कुरणातल्या पाखराने. पावसाळ्यात नर गवतातून वारंवार उंच उडी घेतो, मादीला दिसावे म्हणून. शिकाऱ्याला तो तेव्हाच दिसे. म्हणजे मारला जायचा तो विणीच्या हंगामातला नर. उज्जैनशेजारच्या रतलाम जिल्ह्यात सैलाना आणि धार जिल्ह्यात सरदारपूर येथे १९८३ मध्ये तणमोरासाठी अभयारण्ये जाहीर झाली, सालिम अली यांच्या आग्रहाचा त्यात मोठा वाटा. हे तेच सालिम अली, ज्यांनी लहानपणी छर्‍याच्या हवाई बंदुकीने पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली आणि ती कोणती हे विचारायला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. पुढे वन खात्याने सैलानाच्या आसपास शेतात तणमोर दिसल्याची खबर देणाऱ्या आणि त्याला सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांना बक्षिसेही दिली, कारण गवताची कुरणे सोयाबीनखाली गेल्यावर पाखराला उरलेला आडोसा बहुतेक त्यांच्याच बांधावर आहे.