तिरकी केलेली स्कूटर आणि विमानाची टाकी

१/
१९८० च्या दशकात कोथरूडमधील सोसायट्यांच्या आवारात सकाळी एक दृश्य हमखास दिसे. बजाज चेतक किक मारूनही सुरू होत नाही. मालक तिला स्वतःकडे ओढून तिरकी करतो, क्षणभर तशीच धरतो, सरळ करतो आणि पुन्हा किक मारतो. बहुधा इंजिन सुरू होते. या घरगुती युक्तीत इंजिनाच्या इतिहासातील एक मोठा प्रश्न दडलेला आहे: इंधन इंजिनापर्यंत पोहोचते कसे?

२/
चेतकची पेट्रोलची टाकी सीटखाली, कार्ब्युरेटरपेक्षा उंचावर असते. पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरते. कार्ब्युरेटरच्या वाटीतील तरंगता फ्लोट त्याची पातळी राखतो. स्कूटर तिरकी केली की ही पातळी बिघडते आणि इंजिनाला थोडे जादा पेट्रोल मिळते. या साऱ्या रचनेमागे एक गृहीतक आहे: ‘खाली’ ही दिशा कधी बदलत नाही.

३/
जमिनीवर हे गृहीतक सहसा खरे ठरते. १९६२ पासून कोथरूडच्या कारखान्यात घडलेली किर्लोस्कर-कमिन्सची डिझेल इंजिने असोत वा वेताळ टेकडीवरील एआरएआयमध्ये तपासली जाणारी वाहनांची इंजिने असोत, त्यांपैकी कोणालाही उलटे होऊन चालायचे नसते. विमानाला मात्र ही सवलत नाही.

४/
१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंनी उडवलेल्या विमानातही टाकी उंचावरच होती. पंखांमधील एका उभ्या दांड्याला ती बांधलेली होती आणि इंधन नळीतून खाली ओघळत सुमारे १२ अश्वशक्तीच्या इंजिनाकडे जाई. त्या दिवसाचे सर्वांत लांब उड्डाण ५९ सेकंदांचे होते, तेही जवळजवळ सरळ रेषेत. तेवढ्यासाठी गुरुत्वाकर्षण पुरेसे होते.

५/
१९४० साली हे गृहीतक जिवावर बेतले. ब्रिटिश स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाला फ्लोटचा कार्ब्युरेटर होता. वैमानिकाने नाक एकदम खाली दाबले की इंधन वाटीच्या वरच्या बाजूला फेकले जाई. इंजिनाला आधी इंधन मिळेनासे होई, मग ते अति मिळे, आणि ऐन लढाईत इंजिन आचके देई. जर्मन मेसरश्मिटमध्ये इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने ते विमान याच रीतीने सूर मारून निसटू शके.

६/
तात्पुरता उपाय सापडला तो फार्नबरोच्या संशोधन संस्थेतील बिअट्रिस शिलिंग या अभियंत्या महिलेला. इंजिनाला जास्तीत जास्त लागेल तेवढेच इंधन जाऊ देणारा एक लहानसा अडसर त्यांनी १९४१ साली तयार केला. या शिलिंगबाई मोटारसायकलच्या शर्यतीतही निपुण होत्या. ब्रुकलँड्सच्या मार्गावर त्यांनी ताशी १०० मैलांहून अधिक वेग गाठला होता.

७/
याच काळात मॉडेल विमानांचे शास्त्रही आकार घेत होते. अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली रेडिओच्या साहाय्याने ‘गफ’ हे मॉडेल उडवले. १९४७ मध्ये रे आर्डन यांचा ग्लो प्लग बाजारात आला आणि पेट्रोलऐवजी मिथेनॉल व एरंडेल तेलाचे मिश्रण रूढ झाले. मिथेनॉल पेट्रोलपेक्षा बरेच जास्त लागते. त्यामुळे टाकी मोठी झाली, आणि भरलेल्या व रिकाम्या टाकीतील पातळीचा फरकही वाढला.

८/
या छोट्या इंजिनांत बहुधा ना फ्लोटची वाटी असते, ना पंप. इंजिन नळीतून इंधन थेट ओढून घेते, म्हणून टाकीची जागाच निर्णायक ठरते. टाकी फार वर असेल तर इंधन आपोआप वाहून इंजिन बुडते. फार खाली वा फार मागे असेल, तर नाक आकाशाकडे होताच इंधन चढवावे लागते. इंजिन उपाशी राहते, तापते आणि बंद पडते.

९/
अनुभवातून एक नियम ठरला. टाकी इंजिनामागील आडभिंतीला लागून ठेवावी आणि तिचा मध्य सुईच्या झडपेपेक्षा साधारण ६ ते १० मिलिमीटर खाली असावा. विमान उलटे झाले की हीच टाकी तेवढीच वर जाते; अंतर कमी असल्याने इंजिन ते सोसते. टाकीतल्या लवचिक नळीच्या टोकाला वजन लावतात, म्हणजे इंधन जिकडे जाईल तिकडे नळीचे तोंडही जाते. सायलेन्सरमधील वायूचा थोडा दाब टाकीत सोडला की पुरवठा आणखी स्थिर होतो. टाकीभोवती फोम असतो, कारण कंपनांनी इंधनाला फेस येतो आणि फेसावर इंजिन चालत नाही.

१०/
टाकी विमानाच्या गुरुत्वमध्यापाशी ठेवली असती तर इंधन संपताना तोल ढळला नसता. पण मग ती इंजिनापासून दूर गेली असती. म्हणून तोलाचा थोडा बळी देऊन टाकी पुढे आणली गेली. अभियांत्रिकीचा इतिहास अशा तडजोडींनी भरलेला आहे.

११/
१ एप्रिल १९५० रोजी मुंबई व कलकत्ता येथे एनसीसीच्या हवाई विभागाची पहिली पथके उभी राहिली. एरोमॉडेलिंग हा या विभागाच्या प्रशिक्षणाचा भाग आहे. आज बॅटरी व विद्युत मोटर यांमुळे टाकीचा प्रश्नच अनेक मॉडेलांतून नाहीसा झाला आहे. त्याबरोबर एरंडेलाचा वास गेला, आणि कानाने इंजिन ओळखण्याची विद्याही मागे पडत आहे.

१२/
ही विद्या जिथे टिकून आहे, तिथे उड्डाणापूर्वी एक विधी आजही पाळला जातो. इंजिन पूर्ण वेगात चालू असताना विमान हातात घट्ट धरून त्याचे नाक आकाशाकडे करतात आणि आवाज ऐकतात. स्वर टिकला तर टाकी योग्य जागी आहे आणि सुईही नीट लागली आहे. तो खालावला तर उड्डाण थांबवायचे. कोथरूडच्या आवारात स्कूटर तिरकी करणाऱ्याला इंजिन सुरू करायचे होते. इथे विमान तिरके केले जाते ते इंजिन आकाशात बंद पडू नये म्हणून.