क्रीडा मानसशास्त्र : पदव्युत्तर शिक्षणाची वाट निवडताना

कुरुळी (ता. खेड), प्रतिनिधी : पुणे-नाशिक महामार्गावर चाकणच्या अलीकडे वसलेल्या कुरुळीचा दिनक्रम कारखान्यांच्या पाळ्यांशी बांधला गेला आहे. पाळी संपवून मोठ्या उत्साहाने व्यायामशाळेत जाणारा कामगार महिन्याभरात ती का सोडतो आणि तालमीत सरस ठरणारा मल्ल ऐन कुस्तीत का कचरतो, हे प्रश्न वरकरणी वेगळे भासतात. मात्र दोहोंचा अभ्यास क्रीडा व व्यायाम मानसशास्त्र या एकाच शाखेत होतो.

एकट्याने सायकल चालविणाऱ्यापेक्षा इतरांच्या सोबतीने धावणारा सायकलपटू अधिक वेग का गाठतो, याचा शोध अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ मध्ये घेतला. महाराष्ट्रात ही विद्या रुजविण्याचे मोठे श्रेय याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, नाशिकला राहणाऱ्या भीष्मराज बाम यांना जाते. पोलीस सेवेतून निवृत्त झालेल्या बाम यांनी योगशास्त्राच्या आधारे खेळाडूंना एकाग्रतेचे धडे दिले. राहुल द्रविड, नेमबाज अंजली भागवत यांनी त्यांचे मार्गदर्शन घेतले होते. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. अर्थात, त्यांची वाट अपवादात्मक होती. नवागताला रीतसर पदवीवाचून पर्याय नाही.

मानसशास्त्रात बी.ए. आणि त्यानंतर दोन वर्षांचे एम.ए. हा त्यातल्या त्यात भक्कम पाया होय. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानसशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे. थेट क्रीडा मानसशास्त्रात एम.ए. करू इच्छिणाऱ्यांसाठी २०१८ च्या कायद्याने मणिपूरमध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ हा एक पर्याय आहे. प्रेरणा, स्पर्धेची चिंता, अवधान, संघभावना हे विषय रंजक असले, तरी संख्याशास्त्र व संशोधनपद्धती टाळता येत नाहीत. अनेकांचे पाऊल तेथेच अडखळते.

नोकरी सांभाळून शिकू पाहणाऱ्यांनी एक बाब विशेष ध्यानात घ्यावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करण्याचे निर्देश दिले आहेत. पाळीत काम करणाऱ्याला हा निर्णय जाचक वाटेल. परंतु माणसाच्या मनाशी निगडित कौशल्य केवळ टपालाने आलेल्या पुस्तकांतून येत नाही, हेही खरे.

पदवी हाती आली म्हणजे उपचाराचा अधिकार मिळाला, असेही नव्हे. भारतीय पुनर्वास परिषदेकडे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी होते. क्रीडा मानसशास्त्रज्ञांसाठी तेथे स्वतंत्र वर्ग नाही. ब्रिटनमध्ये हे बिरुद कायद्याने संरक्षित असून पदव्युत्तर पदवी हा केवळ पहिला टप्पा मानला जातो. पुढे देखरेखीखालील प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. आपल्याकडे तशी चाळणी नसल्याने चार-सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्रांचे पेव फुटण्यास वाव राहतो. नैराश्याने ग्रासलेला खेळाडू अशा प्रमाणपत्रधारकाच्या हाती पडला, तर खेळापेक्षा त्याच्या जिवालाच धोका अधिक.

म्हणून शुल्क भरण्यापूर्वी संस्थेची मान्यता, प्रवेशाची पात्रता (शारीरिक शिक्षणाच्या पदवीधरांनी ती आवर्जून तपासावी), खेळाडूंसोबत प्रत्यक्ष काम किती तास आणि ते कोणाच्या देखरेखीखाली, याची उत्तरे लेखी घ्यावीत.