चांदबिबीच्या महालात चांदबिबी नाही

नगरला पाहुणा आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "चांदबिबीचा महाल कुठे आहे हो?" 2024 साली शहराचे नाव अहिल्यानगर झाले, पण हा प्रश्न काही बदलला नाही. मीही कितीतरी वर्षे पाहुण्यांना पाथर्डी रस्त्याने त्या डोंगरावर नेत आलो आणि चांदबिबीच्या पराक्रमाच्या गोष्टी रंगवून सांगत आलो. एकदा एका स्नेह्यांच्या लहान मुलीने तळघराकडे बोट दाखवून विचारले, "काका, राणी कबरीच्या वर राहायची?" मला उत्तर देता आले नाही.

श्रोतेहो, तो महाल नव्हेच. ती सलाबतखानाची कबर. अष्टकोनी, तीन मजली, नक्षीचा फारसा सोस नसलेली. चांदबिबीने 1595-96 साली अकबराचा मुलगा मुराद याच्या फौजेला रोखले, ते खाली शहराजवळच्या भुईकोट किल्ल्यातून. तिचे मोठेपण त्या तटावर आहे. त्यासाठी दुसऱ्याची कबर उसनी घ्यायचे कारण नाही.

सलाबतखान हा मूर्तझा निजामशहाचा वजीर. 1583 मध्ये पुरा झालेला फराहबाग महाल त्याच्याच देखरेखीखालचा. तोही अष्टकोनी, आणि त्या काळी चहूबाजूंनी पाणी. भातवडीचा तलावही याच वजिराने बांधला. आमच्यासारख्या कमी पावसाच्या मुलखात तलाव बांधणाऱ्याचे नाव लोक विसरतात, याचे मला वाईट वाटते.

या भातवडीलाच 1624 साली मोठी लढाई झाली. मलिक अंबरने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या तळावर चिखल केला आणि मोगल-आदिलशाही फौजांना हरवले. त्या लढाईत शहाजीराजांचे धाकटे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ या पिरावरूनच दोन्ही मुलांची नावे ठेवली, असे परंपरा सांगते. दर्गा आजही शहरात आहे. तिथे गेल्याशिवाय नगर पाहिले असे मी तरी म्हणणार नाही.

किल्ल्यात 1942 ते 1945 या काळात नेहरू, पटेल, आझाद कैदेत होते. नेहरूंच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'बद्दल सगळेच बोलतात. मला आठवतात ती मौलाना आझादांची 'गुबार-ए-खातिर'मधली, पोस्टात कधीच न पडलेली पत्रे. आपल्या खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांवर त्यांनी किती जीव लावून लिहिले आहे! इथेच असताना, एप्रिल 1943 मध्ये, तिकडे कोलकात्यात त्यांच्या पत्नी वारल्या. किल्ल्याचा परिसर लष्कराचा, तेव्हा आधी चौकशी करून आणि ओळखपत्र घेऊन जावे.

डोंगरावर मात्र पावसाळ्यातच जा. सकाळी ढग कबरीच्या कमानींतून आरपार जातात, खाली सगळी हिरवी माळराने दिसतात. आणि रिक्षावाल्याला "चांदबिबी महाल" असेच सांगा, नाहीतर त्याला कळायचे नाही. वर पोचल्यावर मुलांना मात्र खरे नाव सांगा.