वसई टिकली असती तर?



भाईंदरहून विरारकडे जाणारी गाडी खाडी ओलांडते, की पलीकडे वसईचा मुलूख लागतो. तेथील किल्ल्यातल्या पडक्या चर्चच्या भिंती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. दोनशे वर्षे तेथे फिरंग्यांचे राज्य होते. हा ‘फिरंगी’ शब्द मूळचा कोठला? धर्मयुद्धांच्या काळी युरोपातून शाम देशात, म्हणजे सीरिया-पॅलेस्टाइनमध्ये, शिरलेल्या लोकांना अरब ‘फिरंज’ म्हणत. तोच शब्द फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि पोर्तुगीजांना चिकटला. तेथील फिरंगी राज्यही सुमारे दोनशे वर्षेच टिकले. ही राज्ये टिकून राहिली असती तर? “आत्याबाईला मिशा असत्या तर” असे म्हणून कोणी हा प्रश्न उडवून लावील. परंतु जर-तरचा विचार नीट केला, तर राज्य का बुडाले याचे खरे कारण हाती लागते.

प्रथम शाम देशाकडे पाहू. सन १०९९ मध्ये फिरंग्यांनी बैतुल मुकद्दस, म्हणजे जेरुसलेम, जिंकले. त्या वेळी तेथील मुस्लिम सत्ता आपसांत भांडत होत्या. पुढे सुलतान सलाहुद्दीन अय्युबी यांनी मिसर व शाम एका सत्तेखाली आणले. ४ जुलै ११८७ रोजी हत्तीन येथे तहानेने व्याकूळ झालेल्या फिरंगी फौजेचा धुव्वा उडाला आणि २ ऑक्टोबरला शहर हाती आले. किनाऱ्यावर मात्र फिरंगी अक्का पडेपर्यंत, म्हणजे १२९१ पर्यंत, झुंजले.

समजा, राजा गी पाण्याचे झरे सोडून भर उन्हात पुढे सरकला नसता. ती लढाई कदाचित टळली असती, पण राज्याचे दुखणे बरे झाले नसते. राज्यकर्ते मूठभर, प्रजा परकी आणि प्रत्येक संकटात डोळे युरोपच्या जहाजांकडे! सायप्रस बेटावरचे त्यांचे राज्य १४८९ पर्यंत चालले, कारण भोवती समुद्र होता. त्याच काळातील अरब लेखक उसामा इब्न मुन्किझ याने मोठी मार्मिक नोंद केली आहे. नवे आलेले फिरंगी उद्धट असतात; मुसलमानांच्या शेजारी बरीच वर्षे राहिलेले त्यांच्यापेक्षा बरे. असे जुने फिरंगी राज्यात अधिक असते, तर गोष्ट निराळी झाली असती.

आता घरचे उदाहरण घेऊ. हुमायूनच्या स्वारीने अडचणीत आलेल्या गुजरातच्या सुलतान बहादुरशहाने २३ डिसेंबर १५३४ रोजी तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. येथेही परक्यांची सोय झाली ती आपल्यातील भांडणांमुळे. ठाणे आणि साष्टी बेट, म्हणजे आपला मीरा-भाईंदरचा भागही, त्यांच्या ताब्यात गेला. घोडबंदरचा किल्ला आजही त्याची साक्ष देतो. राज्य मजबूत होते, पण रयतेच्या धर्मात हात घालण्याची त्यांची रीत लोकांना जाचली. अंजूरचे गंगाजी नाईक आणि मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे यांच्यासारखी वजनदार मंडळी पेशव्यांकडे गेली ती या जाचामुळेच. १७३७ मध्ये ठाणे पडले. १७३९ मध्ये खाडीच्या मुखावरचा उत्तनजवळील धारावी किल्ला मराठ्यांनी घेतला. तिकडे व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या मुलखात घुसल्याने तेथूनही पुरेशी मदत येईना. मे महिन्यात सुरुंगांनी तट फोडून चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि शरण आलेल्यांना सन्मानाने जाऊ दिले.

गंगाजी नाईकांना गाऱ्हाणे घेऊन पुण्यापर्यंत जावेच लागले नसते, तर? कदाचित वसईही दमणसारखी टिकली असती. मग साष्टी पोर्तुगीजांकडेच राहती. १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे व साष्टी घेतली ती मराठ्यांकडून; त्यांना ती संधी मिळाली नसती. इंग्रजांची मुंबई माहीमच्या खाडीशी अडली असती. १८५३ ची बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावायलाही लिस्बनची परवानगी लागली असती! आणि गोवा, दमण व दीव यांच्याबरोबर आपले भाईंदर डिसेंबर १९६१ मध्ये स्वतंत्र झाले असते.

आपल्या कोकणातील जंजिरा याच्या उलट उदाहरण आहे. सिद्दीही मुळात समुद्रापलीकडूनच आलेले. परंतु त्यांना भक्कम तटाबरोबरच आदिलशाही, मोगल आणि पुढे इंग्रज असे जवळचे दोस्त होते. त्यांचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले.

यावरून काय दिसते? लांबच्या मदतीवर आणि जवळच्या वैरावर उभे राहिलेले राज्य एखादी लढाई जिंकूनही वाचत नाही. पण राज्य बुडाले तरी माणसे बुडत नाहीत. उत्तन-वसईचे ख्रिस्ती बांधव आजही येथे आहेत आणि घरात मराठी बोलतात, कारण ते याच मातीतले. शाम देशातही अरबी बोलणारे ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत.

मीरा-भाईंदरमध्ये आपल्यापैकी बरेच जण कोठून ना कोठून येऊन स्थायिक झाले आहेत. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, धारावी किल्ल्यावर सहलीला जाल तेव्हा तेथून खाडीपलीकडे जरूर पाहा. त्या राज्यकर्त्यांना दोनशे वर्षांत साधले नाही, ते शेजारपण आपल्याला साधले आहे का, एवढा विचार तेथे उभे राहून करा.