डीफॉल्ट यूज फ्लॅग (जेन्टू लिनक्स)

जेन्टू या लिनक्स वितरणात पॅकेज स्वतःच्या मशीनवर कंपाइल होते. त्या वेळी कोणत्या ऐच्छिक सोयी घ्यायच्या आणि कोणत्या वगळायच्या, हे यूज फ्लॅग ठरवतात. वापरणाऱ्याने काहीच सांगितले नसेल तेव्हा फ्लॅगची जी स्थिती धरली जाते, ती त्याची डीफॉल्ट.

डीफॉल्ट अनेक थरांत ठरते. सर्वांत दुबळा थर ईबिल्डचा, म्हणजे पॅकेज कसे बांधायचे ते सांगणाऱ्या फाइलचा: फ्लॅगच्या नावाआधी अधिक चिन्ह असले की तो त्या पॅकेजपुरता चालू. त्यावर प्रोफाइल (जेन्टूने ठरवून दिलेला सेटिंगचा संच) मात करते. डेस्कटॉप प्रोफाइल घेतले की छपाई, ब्लूटूथ वगैरे आपोआप येतात. त्याहून वरचढ वापरणाऱ्याची मेक.कॉन्फ ही सेटिंगची फाइल, आणि तिच्याही वर पॅकेज.यूजमधली त्या पॅकेजची ओळ.

एका पॅकेजची गरज प्रोफाइलवर लादणे ही वाईट सवय आहे. तिथला एक फ्लॅग त्या नावाचा फ्लॅग असलेल्या प्रत्येक पॅकेजला लागू होतो आणि डिपेन्डन्सी फुगत जातात. ईबिल्डमधले अधिक चिन्हही जपूनच वापरावे: जी सोय नसेल तर बहुतेकांना पॅकेज निरुपयोगी ठरेल, तिलाच. सोय बंद करण्यासाठी ‘नो’ने सुरू होणारा फ्लॅग काढणे टाळतात, कारण तो फ्लॅगच बंद केला की नकाराला नकार लागून गोंधळ उडतो.

चुकीचा मेळ कसा अडवतो हे फ्रीटाइपवर दिसते. हार्फबझ फ्लॅग चालू असेल तर फ्रीटाइपला हार्फबझ (मराठी जोडाक्षरे पडद्यावर जुळवणारी लायब्ररी) आधी लागते, आणि हार्फबझला फ्रीटाइप. नवे मशीन उभे करताना पोर्टेज (जेन्टूचा पॅकेज व्यवस्थापक) इथे अडून बसते. मग तो फ्लॅग तात्पुरता बंद करून फ्रीटाइप, नंतर हार्फबझ, आणि शेवटी फ्लॅगसह पुन्हा फ्रीटाइप कंपाइल करतात.

‘उणे तारका’ (-*) लिहून सगळी डीफॉल्ट पुसणाऱ्यांना सिस्टीम हलकी हवी असते. पण अनेक पर्यायांपैकी किमान एक मागणारी पॅकेजे त्यानंतर पुढे सरकतच नाहीत, आणि प्रत्येकाची निवड हाताने करावी लागते.

डिसेंबर २०२३ पासून जेन्टू एएमडी६४ आणि एआरएम६४ साठी तयार बायनरी पॅकेजे मोठ्या प्रमाणावर पुरवते. तेव्हापासून डीफॉल्टचे वजन वाढले आहे. आपले फ्लॅग बायनरीच्या फ्लॅगांशी जुळले नाहीत तर पोर्टेज ती बाजूला ठेवते, आणि क्यूटी-वेबइंजिनसारखे अवजड पॅकेज तासन्‌तास घरीच कंपाइल करावे लागते.