अत्तारांच्या गल्लीपर्यंत

ट्युनिसच्या जुन्या शहरात २००९ साली मी हरवलो, तो रंगाऱ्यांच्या गल्लीत. हातात नकाशा होता, पण दोन बोळ तर थेट कुणाच्या तरी दारापाशीच संपले. दिवस कलत आलेला आणि माझं अरबी नमाजापुरतं!

तेव्हा वाचलेलं आठवलं. शहराच्या मधोमध झैतूना मशीद. अघलबी अमिरांनी ८६४च्या सुमारास ती नव्यानं बांधली. तेराव्या शतकात, हफ्सी राजवटीत, तिच्याभोवतीचे बाजार वाढले. तेही एका क्रमानं. मशिदीला लागून अत्तार, कापडवाले. घणांचा आवाज, धूर आणि रंगाचं सांडपाणी असलेले धंदे, म्हणजे लोहार, रंगारी, पार वेशीकडे. कारण व्यवहाराचं होतं, मान्य. तरी ज्याच्या रंगानं शहर नटलं तो काठावरच, हे मनाला लागलं. आपल्याकडचं गावकूस मी पाहिलेलं आहे.

पण त्या क्रमानंच मला वाट दाखवली. नकाशा खिशात घातला नि नाक पुढं केलं. ओल्या, कोंदट भिंती मागं पडल्या. मग कोऱ्या कापडाचा वास आला, आणि एका वळणावर एकाएकी गुलाब! सूक अल्-अत्तारीन. लहानपणी उरुसात आमच्या मोहल्ल्यातल्या अत्तारचाचांभोवती आम्ही पोरं घोटाळायचो. त्यांचा शब्द इथं, इतक्या दूर, गल्लीचं नाव होऊन उभा होता. दुकानदारानं काही न विचारता माझ्या मनगटावर एक थेंब टेकवला. पलीकडे मशिदीची भिंत होती.